डोकं न दिसलेला साप

निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवायचा हा मोठा प्रश्न असतो, असं मला बऱ्याच जणांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मला तो पडला नाही. राहनाळच्या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात बायकोने न्हाणीघरातून हाक मारली, "अहो, नळावर कुणीतरी बसलंय. त्याला जरा उठवा, मला बादली लावायचीय."

कुणीतरी म्हणजे बेडूक. मातकट रंगाचा, बोटांच्या टोकांना चकत्या असलेला, आणि अशा तोऱ्यात बसलेला की नळ त्याच्या वाडवडिलांनी बसवला असावा. मी त्याला आधी हात जोडले, मग झाडू दाखवला, मग अंगावर पाणी मारलं. पाणी मारल्यावर तो खूश झाला. बेडकाला पाण्याने हाकलू पाहणारा राहनाळमधला मी पहिलाच असेन. शेवटी हिनेच त्याला तांब्यात घेऊन खिडकीबाहेर सोडलं आणि मी हातपाय पुसेपर्यंत तो परत नळावर हजर. तोच की दुसरा, ते मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

खरं तर यायला हवं होतं. माझी सगळी नोकरी निरखण्यातच गेली. भिवंडीतल्या एका कापडाच्या पेढीवर मी कोरं कापड तपासायचो. लूमवर विणून आलेला तागा एका तिरक्या टेबलावरून ओढत नेतात, टेबलाच्या काचेखाली ट्यूबलाइट असते, आणि तपासणारा समोर उभा राहून तुटलेले धागे, तेलाचे डाग, विणीतली भोकं हेरतो. यातली खुबी एवढीच की डोळे हलवायचे नाहीत. नजर काचेवर एका जागी रोवायची आणि कापडाला समोरून जाऊ द्यायचं. कापडामागे नजर पळवली की दोष निसटलाच म्हणून समजा. ही सवय माझ्या मानेत इतकी मुरलीय की वरातीतही मी एकाच जागी बघत उभा असतो आणि नवरा मुलगा पुढे निघून गेल्यावर शेजारच्याला विचारतो, घोडा कधी येणार.

तर पेढीने मला शाल देऊन मोकळं केलं आणि आम्ही शहरातली भाड्याची खोली सोडून या छोट्या घरात आलो. मागे एका गोदामाची उंच भिंत आहे. त्या भिंतीच्या आणि आमच्या अंगणाच्या मधे भातशेतीचा एवढासा तुकडा शिल्लक आहे. आजूबाजूची शेतं एकेक करून गोदामांखाली गेली, तशी त्या शेतांमधली सगळी बिऱ्हाडं या तुकड्यात गोळा झाली असावीत, आणि तिथे दाटी झाल्यावर आमच्या अंगणात. हे माझं अनुमान. ही म्हणते, तुम्ही उगाच कारणं शोधता, पावसाळा आहे म्हणून आलेत.

एरवी हे सगळं गमतीतच गेलं असतं. पण आमच्या एकुलत्या एका मुलीला सातवा महिना लागला होता. ती दिली आहे डोंबिवलीला, पाचव्या मजल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या घरात कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. हिने आतली खोली रंगवून घेतली होती, पलंग आणला होता, डिंक निवडून डब्यात भरून ठेवला होता. घर घेतलं तेच मुळी, लेक आली तर तिला एक वेगळी खोली असावी म्हणून. त्यामुळे नळावरचा बेडूक हा नुसता बेडूक राहिला नाही. बाळंतिणीच्या घरात काय काय असावं आणि काय नसावं, असा तो प्रश्न झाला.

आणि मला त्या प्रश्नातलं काहीच कळत नव्हतं.

एके सकाळी अंगणातल्या मोरीच्या तोंडाशी एक साप डोकं वर काढून बसलेला दिसला. अंगभर चौकटी. लुंगीच्या कापडाला असावा तसा बारीक, बिनचूक चौकडा. मी हाक मारायच्या आत शेजारच्या मावशी कमरेवर हात ठेवून कुंपणाशी आल्या. जन्म याच गावात गेलेला.

"दिवड हाय त्यो, भाऊ. काय करत न्हाय."

"चावतो का?"

"चावतो की. पन इख न्हाय त्याला."

चावतो पण काही करत नाही, हे मला समजून घ्यायला वेळ लागत होता, तेवढ्यात गोदामाचा रखवालदार भिंतीवरून वाकला. "चाचा, ये तो डोड़हा है. हमारे गाँव में बच्चे इसकी पूँछ पकड़ के घुमाते हैं."

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "पाणसाप असेल. दार लावून घ्या."

मी फोनवर फोटो काढून जावयाला पाठवला. त्याने सापाचं इंग्रजी नाव कळवलं. ते अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत साप मोरीत निघून गेला. चौघांनी चार नावं सांगितली. हे चौघं एकाच सापाबद्दल बोलतायत की माझ्या मोरीत चार साप आहेत, अशी शंका मी बोलून दाखवली, तेव्हा मावशी हिच्याकडे बघून म्हणाल्या, "बाय, याला परत कामाव धाड."

दुसऱ्या दिवशी माझ्या बुटात सापसुरळी निघाली. तांब्याच्या रंगाची, गुळगुळीत, पाय असून नसल्यासारखे. मावशी म्हणाल्या ती सापाची मावशी. मावशींनी मावशीची ओळख करून द्यावी हे मला गमतीचं वाटलं आणि मी ते मुलीला फोनवर रंगवून सांगितलं. नळावरचा बेडूक, बुटातली मावशी, चार नावांचा साप, सगळं. ती खूप हसली. माझी गोष्ट ऐकून कुणी हसलं की मी थांबत नाही, हा माझा जुनाच रोग आहे.

तिने ते हसत हसत सासूबाईंना सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "जयभीम, भाऊ. मी रविवारी येते. घर बघून जाते एकदा."

फोन ठेवल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "खोली रंगवली मी. पलंग आणला मी. आणि तुम्ही सापाच्या गोष्टी सांगा."

मुलीला मी वेगळा फोन लावला, की बाई, तू काय सांगून बसलीस. ती म्हणाली, "बाबा, मला यायचंय हो. इथे पाचव्या मजल्यावर वारा छान येतो, पण आई येत नाही ना."

आता रविवारपर्यंत अंगणात काही निघू नये, एवढीच माझी मागणी होती.

गुरुवारी दुपारी निघालं. आभाळ भरलेलं होतं, उजेड मळका होता. मी पायरीवर उभा राहून हात धूत होतो आणि पाण्याच्या पिंपामागून एक साप बाहेर आला. काळपट तपकिरी, आणि अंगावर पांढरट आडवे पट्टे. मी जागचा हललो नाही. शूरपणामुळे नाही, सवयीमुळे. पायरीच्या कडेला एक फुटकी फरशी आहे, तिच्यावर माझी नजर आपोआप रोवली गेली आणि तो सगळा साप त्या फरशीवरून माझ्यासमोरून सरकत गेला. पट्टे आखीव होते. अंतरं ठीक होती. कुठे धागा तुटलेला नाही, कुठे डाग नाही. मनातल्या मनात मी त्याला पासही करून टाकलं. शेवटाकडे पट्टे जरा फिके झाले, मग शेपटी आली, मग फरशी आली. साप भिंतीतल्या भोकात गेला होता.

मावशींच्या पुतण्याकडून सर्पमित्राचा नंबर मिळाला. हा चाळिशीचा गृहस्थ दिवसा मानकोलीच्या एका गोदामात ड्युटी करतो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या घरांतले साप पकडतो. आडवे पट्टे म्हटल्यावर त्याचा आवाज सावध झाला.

"काका, असे दोन असतात आपल्याकडे. एक कवड्या. तो काही करत नाही, विष नाही त्याला. आणि दुसरी मण्यार."

"ती करते?"

"ती करते," तो म्हणाला. "कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं, मानेजवळ पट्टेच नसतात आणि शेपटीकडे ठळक. मानेजवळ काय होतं?"

"मान मी बघितली नाही."

"म्हणजे तुम्ही बघितलंत तेव्हा डोकं भोकात गेलेलं होतं?"

"नाही. डोकं बाहेर होतं."

"मग?"

"मग ते पुढे गेलं."

"तुम्ही बघत होतात ना?"

"बघत होतो. फरशीकडे."

कापड कसं तपासतात ते मी त्याला समजावून सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं, हे त्याचे उपकार. मग तो म्हणाला, "बरं, शेपटी तर फरशीवरून गेली ना? शेपटीचे पट्टे?"

"पुसट."

"मग सुटलात. कवड्या."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. "पण माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे," मी म्हणालो. "हल्ली मला बऱ्याच गोष्टी शेवटाकडे पुसट दिसतात. आणि उजेडही नव्हता."

पलीकडून ट्रक मागे घेताना होतो तसला पीं-पीं आवाज येत राहिला. तो म्हणाला, "मी ड्युटी संपली की येतो."

आला. येताना अर्धा वेळ मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरांच्या मागे उभा होता. त्याने पिंप हलवलं, भिंतीशी रचलेली जुनी कौलं एकेक करून उचलली, भोकात बॅटरी मारली. साप नव्हता. मी मात्र उत्साहाने फरशी दाखवली, साप कुठून कुठे गेला ते बोटाने आखून दाखवलं. ही दारात उभी होती. तिने त्याला एकच विचारलं, "भाऊ, लेक बाळंतपणाला यायचीय. येऊ देऊ का?"

तो गंभीरपणे म्हणाला, "बहुतेक कवड्याच आहे, ताई. पण मी बहुतेक म्हणालो, हे लक्षात ठेवा. भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवा. मोरीला जाळी लावा. ही कौलं हलवा. कुणी जमिनीवर झोपायचं नाही, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यायची. एवढं केलंत तर साप कुठला का असेना."

एवढं मी केलं. शुक्रवार-शनिवार भोकं बुजवत बसलो. माझं सिमेंटकाम बघायला रखवालदार भिंतीवरून वाकायचा आणि काही न बोलता परत जायचा. शनिवारी संध्याकाळी हिने ताकीद दिली, "उद्या तुम्ही तोंड उघडायचं नाही."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला बोलता? चहा प्या. चहा पिताना माणूस बोलत नाही."

रविवारी विहीणबाई आल्या. त्या सरकारी दवाखान्यात आया होत्या, आता निवृत्त. कितीतरी बाळंतपणं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या खोलीत शिरल्या की खोलीच ताठ होते. मी त्यांना अंगणात खुर्ची दिली. बसल्या तोच खुर्चीच्या पायाशी खडबडीत पाठीचा थोरला बेडूक. मी झाडूकडे धावलो.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "डास खातो तो." आणि लगेच, तोच सूर ठेवून, "भाऊ, घरात साप आहे का?"

ही आतून चहा घेऊन येत होती. कप अजून तिच्या हातात होता, माझ्या हातात नव्हता. प्यायला काहीच नव्हतं.

"घरात नाही," मी म्हणालो. "अंगणात होता."

मग मी सगळं सांगितलं. मुलीची शपथ कुणी घातली नव्हती, पण ज्या बाईच्या घरात माझी मुलगी नांदते तिला मी डोळ्यांत बघून काय सांगणार? फरशी सांगितली, पट्टे सांगितले, मोतीबिंदूही सांगितला.

"बिनविषारी आहे," ही म्हणाली.

"बहुतेक," मी म्हणालो.

हिने कप असा ठेवला की बशी वाजली.

विहीणबाई उठल्या. पिंपामागे वाकून बघितलं, माझं सिमेंट नखाने उकरून बघितलं, जाळी हलवून बघितली. आतल्या खोलीत जाऊन मच्छरदाणी स्वतःच्या हाताने गादीखाली खोचली आणि ओढून पाहिली. "मी शहापूरकडच्या गावात वाढले," त्या म्हणाल्या. "साप येतो आणि जातो. माणसानं जागा ठेवायची नाही म्हणजे झालं. काम बरं केलंय तुम्ही." मला नोकरीत इतकं कौतुक कधी मिळालं नव्हतं. मी हिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग विहीणबाई स्वयंपाकघरात शिरल्या, आणि उलट्या पावली बाहेर आल्या. थेट अंगणात. चेहरा पांढरा पडलेला. ओरडल्या नाहीत, पण पदराचं टोक मुठीत आवळलेलं होतं.

"पाल आहे," त्या म्हणाल्या.

मी आत डोकावलो. चहाच्या डब्याच्या वर, भिंतीवर, एक पाल बसली होती. आमच्याकडे ती कायमच असते. "हो," मी म्हणालो, "ती आहे."

"आणखी आहेत?"

या घरात मला आज सगळं खरंच सांगायचं होतं. "ट्यूबलाइटमागे आहेत काही. आणि कॅलेंडरमागे. मोजल्या नाहीत कधी."

विहीणबाई खुर्चीत बसल्या. बेडूक पायाशी, जिथे साप निघाला ती फरशी समोर, आणि त्यांची नजर फक्त घराच्या दाराकडे. चहा त्यांनी तिथेच घेतला. ही म्हणाली, आत बसा ना, तर नुसती मान हलवली. मला काहीच उमगेना. गुरुवारपासून मी ज्याच्यासाठी भिंती बुजवत होतो त्याची या बाईंना पर्वा नव्हती, आणि जिच्याकडे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं तिने सगळा निकाल लावला होता. पण निकाल कुठल्या बाजूने?

कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी येऊन राहणार होते. तिच्यासोबत. दोन महिने. पिशवीसुद्धा भरून ठेवलीय."

हे आम्हा दोघांनाही नवीन होतं. मुलीने सांगितलं नव्हतं, की तिलाही ठाऊक नव्हतं, कोण जाणे. हिने रिकामा कप उचलला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "पाली काय, कुठल्याही घरात असतात हो."

"माझ्याकडे नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. "पाचव्या मजल्यावर एकसुद्धा नाही."

मला त्यांची दया आली. इतक्या बायकांची बाळं या बाईंनी हातात घेतली, आणि स्वतःच्या नातवंडाच्या वेळी पाच-दहा पाली आडव्या आल्या. "मी काढतो ना सगळ्या," मी म्हणालो. "तुम्ही या खुशाल."

हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मला तेव्हाही नीट लागला नाही.

"तुम्ही?" विहीणबाई पहिल्यांदा हसल्या. "तुमच्याने नळावरचा बेडूक निघत नाही, भाऊ. सून सांगत होती."

मग त्या उठल्या, साडी झटकली, आणि उगाच एकदा साडीच्या मागच्या बाजूलाही बघून घेतलं. "तिला पाठवते मी. तिचा जीव इथेच आहे. मी रोज फोन करेन. आणि बाळ झाल्यावर तुम्ही लोकांनी लवकर डोंबिवलीला घेऊन यायचं. सव्वा महिन्याच्या वर ठेवून घ्यायचं नाही, आधीच सांगते."

"घेऊन येऊ," ही म्हणाली, आणि तिने विहीणबाईंचा हात धरला. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मी बेडकाकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना.

रिक्षा गेल्यावर हिने भांडी घासायला घेतली. मी मागे उभा राहून विचारलं, "मी खरं सांगितलं ते चुकलं का?"

"मला काय विचारता," ती म्हणाली. "भांडी पुसा."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाजातच आनंद होता. "बाबा, पुढच्या रविवारी न्यायला या. रिक्षा नको हं, गाडी करा. खाडीवरचा तो नवा पूल चांगला आहे, पण मानकोलीला उतरल्यावर केवढे खड्डे आहेत. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलेत. मला त्याचीच काळजी वाटते."

"गाडी करतो," मी म्हणालो. "आणि सापाचं काही म्हणाल्या का सासूबाई?"

"कसल्या सापाचं? त्या आल्यापासून पालींचंच सांगतायत. साप निघाला होता का? परत?"

मी फोन कानाला धरून उभा राहिलो. ज्यांना मी सगळं सांगितलं त्यांनी घरी जाऊन त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. विसरल्या असतील असं वाटत नाही. मच्छरदाणी ज्या ताकदीने खोचली होती त्यावरून तर अजिबात नाही. समोर ही ओल्या हातांनी मला गप्प राहायची खूण करत होती.

"बाबा?"

"मच्छरदाणी नवी आणलीय," मी म्हणालो. "ती गादीखाली नीट खोचून झोपायचं. आणि अंगणात चप्पल घातल्याशिवाय, बॅटरीशिवाय जायचं नाही. एवढं माझं ऐक."

"डास फार आहेत का?"

"तू ये तर खरी. इथे माझ्यासमोर बसलीस की सगळं सांगतो."

"म्हणजे निघाला होता," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. मग हिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि तिला विचारलं, येताना जुन्या मऊ साड्या किती आणशील.